कॅप्टनला टोकण्याआधीचा सत्कार

वसतिगृह, हैदराबाद
चैत्र वद्य षष्ठी (इंग्रजी तारीख पूजा मोबाइलात पाहील)

श्रीक्षेत्र शेणवानिवासी, समस्त भातखाचरांचे अधिपती, तीर्थस्वरूप देवरामदादा यांचे चरणी कनिष्ठ बंधू जगदीश याचा साष्टांग दंडवत. (दंडवत मानसिक समजावा, येथे दोन खाटांच्या मध्ये साष्टांग पसरण्याइतकी भूमी उपलब्ध नाही.) आपला गुडघा व वहिनींचे पित्त शांत असेल, अशी आशा करतो. फोन असता पत्र का, असा प्रश्न आपणास पडेल. फोनवर आपला आवाज कानी पडला की माझ्या मुखातून ‘हो दादा’ याखेरीज अक्षर बाहेर पडत नाही, हा जन्मापासूनचा अनुभव आहे. सबब हा लेखनमार्ग. पत्राचे छायाचित्र आपल्या सुकन्येच्या, म्हणजे पूजाच्या, मोबाइलवर येईल. तिने ते मोठ्याने वाचावे व कंसातील मजकूर गाळू नये.

आपणास विदितच आहे की, वैमानिकाचा परवाना मिळूनही मला नोकरी देणारी विमानकंपनी दीर्घकाळ भेटली नाही आणि उदरनिर्वाहार्थ मी लग्नमांडवांत निवेदक झालो. आता केस पांढरे होऊ लागल्यावर एका कंपनीस शिकाऊ सहवैमानिक म्हणून माझी आठवण झाली. परंतु प्रशिक्षणकाळातील विद्यावेतनात विद्या विपुल आणि वेतन सूक्ष्म असल्याने जोडधंदे सुटले नाहीत. दिवसा विमानाभ्यास करतो आणि सायंकाळी स्नानगृहात, डोक्यावर रजई घेऊन, खर्डीच्या भांड्यांच्या दुकानाची रिक्षावर वाजणारी जाहिरात ध्वनिमुद्रित करतो. (रजईने आवाज घुमत नाही. मनुष्य मात्र गुदमरतो.) माझा सहनिवासी रोशन, जो मला आदराने ‘अंकल’ म्हणतो, त्याची समजूत अशी की मी आत काही अनुष्ठान करीत असतो. म्हणून तो त्या वेळी पाय न वाजवता चालतो. ही मुले जेवायला बाहेर जाताना मला विचारतात. विचारतात खरे, पण चपला घालून झाल्यावर.

आता मूळ प्रमादाकडे वळतो. विमानशास्त्राचा एक दंडक आहे: उड्डाण आणि अवतरण यांच्या वेळी, दहा हजार फुटांखाली, वैमानिकांनी अवांतर शब्द उच्चारू नये. हा नियम माझ्या हाडीमांसी इतका मुरला की, गेल्या महिन्यात सुट्टीवर येऊन डोळखांबच्या लग्नात उभा राहिलो, तेव्हा मंगलाष्टके हे विवाहाचे अवतरणच होय, असा सिद्धान्त मला स्फुरला आणि माईक हाती असता मी मौन धारण केले. आपल्याकडे नेमकी दोन कडव्यांच्या मध्ये मानकऱ्यांची नावे घ्यायची असतात. नावांच्या चिठ्ठ्या येत राहिल्या, मी त्या खिशात घालत राहिलो. अखेर मुरबाडचे पंढरीशेठ स्वतः मंचावर अवतीर्ण झाले. “काय रे, माजा नाव घेताना जीभ जड होते काय तुजी?” मी हातानेच सुचवले की चाके जमिनीला टेकल्यावर बोलू. त्यांनी उरलेल्या अक्षता वधूवरांऐवजी माझ्यावर टाकल्या आणि ते न जेवता गेले.

शेठ न जेवता गेले म्हणून आपण त्यांची समजूत घालायला मुरबाडला गेलात, आणि येताना असा शब्द देऊन आलात की त्यांच्या कन्येच्या, म्हणजे आरतीच्या, लग्नात निवेदन जगदीशच करील. फोनवर आपण म्हणालात, “मी शब्द दिलाय रे. तू नाय आलास तर माजी मान खाली जाईल.” मी अर्थातच ‘हो दादा’ म्हणालो. त्याच दिवशी माझी अंतिम परीक्षा आहे.

ही परीक्षा सिम्युलेटरवर, म्हणजे जमीन न सोडणाऱ्या पण गदागदा हलणाऱ्या विमानात, होते. गेल्या सरावात प्रशिक्षक कॅप्टन झाले आणि उतरताना त्यांनी मुद्दाम वेग घटू दिला. अशा वेळी सहवैमानिकाने ‘स्पीड’ एवढेच म्हणावयाचे असते. मी “आदरणीय कॅप्टनसाहेब, आपल्या अनुभवाविषयी नितांत आदर बाळगून” येथवर पोहोचलो तोच पडदा लाल झाला, म्हणजे विमान पडले. प्रशिक्षक म्हणाले, “मी चुकतोय हे दिसत होतं ना तुला? मग काय, शाल शोधत होतास माझ्या सत्काराला?” मोठ्या माणसाला परीक्षेतही एका शब्दात टोकता आले नाही तर घरी जा, असे त्यांनी सौम्यपणे सुचवले आहे.

तरीही सिम्युलेटरची ती पेटी मला प्रिय आहे. मांडवात हजार माणसे माझे ऐकतात, पण उत्तर कुणी देत नाही. येथे मी बोललो की शेजारच्याला तेच शब्द परत म्हणावे लागतात. तसा नियमच आहे. ‘चाके खाली’ म्हटले की तोही ‘चाके खाली’ म्हणतो. दिवसभरात माझ्याशी होणारे बहुतेक संभाषण ते एवढेच. (पूजा, येथे थांबून बाबांना पाणी दे.)

विस्तारभयास्तव थांबतो. उणेअधिक वाटल्यास पूजाने वाचतानाच दुरुस्त करावे.

आपला आज्ञाधारक,
जगदीश

ता. क. वहिनींचे नाचणीचे पीठ पोचले. येथे तवा नाही. अधूनमधून डबा उघडून वास घेतो.

ता. क. दुसरा. पत्र पुन्हा वाचले. एवढ्या वेळात तीन विमाने पडली असती. दादा, मी लग्नाला येत नाय. शेठच्या सगळ्या पाहुण्यांची नावं न्हाणीत बसून रेकॉर्ड करतो नि पाठवतो, एकपण सोडणार नाय. पण मी येत नाय.

ता. क. शेवटचा. ऐकलं की परत बोलून दाखवायचं, हा नियम तुला वर सांगितलाच. पूजाच्या मोबाइलवर ‘जगदीश येत नाय’ एवढं तुझ्या आवाजात बोल नि पाठव. रागानं बोललास तरी चालेल.