पुढच्या ब्रेकची केबल

बाबा, काल संध्याकाळी माझ्या लेकीबरोबर, तुम्ही न पाहिलेल्या नातीबरोबर, सड्यावर गेलो होतो. मोटारसायकल झटकन थांबवायला शिकायला. तुम्ही मला गाडी शिकवलीत तोच मोकळा कातळ. मी पन्नाशीचा विद्यार्थी आणि ती मास्तरीण, त्यामुळे बोलणी मीच खात होतो.

इथेच खडीवर मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला होता आणि हनुवटी फोडून घेतली होती. तुम्ही रक्त पुसलंत नि एवढंच बोललात, "पुढच्या ब्रेकाक परत हात लावलस तर गाडी इसर." दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला तर दांडी थेट मुठीला टेकली. केबल तुम्ही ढिली करून ठेवली होती. लाल माती, वाळू, पावसात शेवाळ धरलेले रस्ते. आपल्याकडे निम्म्या बापांनी हेच केलं असेल. मला ती माया वाटली, अजूनही वाटते. तुम्ही गेल्यावरही मी ती केबल आवळली नाही, मागच्या ब्रेकवरच सांभाळून चालवत राहिलो.

लेकीला नोकरीसाठी गाडी घेऊन दिली तेव्हा मीही गुपचूप पाना घेऊन बसलो. गेल्या महिन्यात वळणावर वासरू आडवं आलं. तिने दोन्ही ब्रेक दाबले. पुढचा लागलाच नाही, मागचं चाक घसरलं आणि ती काजूच्या कुंपणात गेली. खांदा खरचटण्यावर निभावलं. ती गॅरेजवाल्याला फैलावर घ्यायला निघाली, तेव्हा मला खरं सांगावंच लागलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. पण ती हळूच म्हणाली, "पप्पा, माका पडूचा भय नाय. थांबूकच गावला नाय तर?"

काल दोन्ही गाड्यांच्या केबल तिनेच आवळल्या. नजर समोर, पाय मागच्या ब्रेकवर, पुढचा एकदम न आवळता दाबत न्यायचा. दोनदा माझी बोटं दांडीपर्यंत गेलीच नाहीत. तिसऱ्यांदा गाडी तिने ओढलेल्या खडूच्या रेघेअलीकडे थांबली, सरळ, न घसरता. ती टाळ्या वाजवत होती आणि मला रडू येत होतं.

हे पत्र धाडायचं तरी कुठे? म्हणून खरं लिहितो. गाडी थांबली त्या क्षणी, बाबा, आयुष्यात पहिल्यांदा मला तुमचा राग आला. तिला मी सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.