'पीम' म्हणजे कानस नव्हे

ताई,

भाषांतराच्या बैठकीत तू म्हणालीस, "हिब्रू बायबलात 'पीम' हा शब्द एकदाच येतो. जुन्या लोकांनी अंदाजानं 'कानस' लिहिलं. पण हाच शब्द कोरलेली दगडी वजनं सापडलीत. ते वजनाचं नाव आहे." अध्यक्षांनी हसून मला विचारलं, "खरं का हे?" त्या वजनांवरचा लेख आपण दोघांनी मिळून वाचला होता. तरी समितीतली खुर्ची जाईल या भीतीनं मी म्हणालो, "ताईचा काहीतरी घोळ होतोय."

तू काम सोडलंस. अध्यक्ष निवृत्त झाल्यावर मी तुझाच अर्थ माझा म्हणून मांडला, भाषांतरात छापला आणि पाठ थोपटून घेतली.

काल तुझा फोन आला. "शब्द बरोबर छापलास रे, जीव भांड्यात पडला." मी सगळ्यांना म्हणतो तसंच तुलाही म्हणालो, "थँक यू."

हे पत्र टाकायला तोंड नाही मला.

तुझा धाकटा