पाच गतिरोधक

३ जुलै

गतिरोधक बसून आज महिना झाला. आमच्या गल्लीतून दिवसाला साठ ट्रक जायचे. काल चार गेले. रहिवासी समितीने माझा सत्कार केला. नऊ वर्षं अर्ज, मोर्चे, भाषणं — घसा बसला तो बसलाच. बोलायला उभी राहिले आणि सुचलं एवढंच, "ट्रक गेले." टाळ्या. कुठे गेले, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

५ जुलै

कोपऱ्यावर फरशांचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, "पाच ठिकाणी आपटलो तर निम्मा माल फुटतो, बाई. मागची गल्ली सरळ आहे."

मागच्या गल्लीत ताई राहते.

६ जुलै

ताईकडे गेले. भावोजी घरात — कामाच्या दिवशी, सकाळी अकराला! ते जन्मांध. चौदा वर्षं काठी घेऊन एकटे रस्ता ओलांडायचे, समोरच्या वेताच्या खुर्च्यांच्या कारखान्यात. आता ट्रकांच्या घरघरीत जवळ आलेली सायकलसुद्धा ऐकू येत नाही.

"मेहुणीबाई, तुमचं भाषण ऐकून ट्रक जे पळाले ते थेट आमच्याकडे." हसले.

ताई हसली नाही. "हात धरून नेते म्हटलं तर रागावतात. मालक आणखी आठवडाभर थांबेन म्हणतोय."

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुझा सत्कार व्हायचा होता ना."

९ जुलै

अभियंत्याला भेटले. दोन्हीकडे गतिरोधक मिळणार नाहीत. आगीच्या बंबाला एक गल्ली मोकळी हवी. "तुमचे काढून तिकडे बसवू. तुम्हीच ठरवा." समितीत दोन्ही गल्ल्यांचे मिळून आम्ही अकरा जण. चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान करायचं.

पुन्हा उभं राहायचं. तेही स्वतःच्याच नऊ वर्षांविरुद्ध. नको वाटतं.

१० जुलै

काही लिहवत नाही.

१२ जुलै

सभेत गतिरोधक तिकडे द्या म्हणून बोलले. पाऊण तास. आवाज फाटला तरी थांबले नाही. आमच्या मजल्यावरची शेजारीण मोठ्याने म्हणाली, "घरभेदी." भावोजी पहिल्या रांगेत होते. नंतर चाचपत येऊन म्हणाले, "माझ्यासाठी असं कुणी बोललं नव्हतं."

चिठ्ठ्या उद्या. घरी येऊन खिडकी उघडी टाकून पडले. गल्ली इतकी शांत, की खाली कुणीतरी पेपर उलटत होतं तेही ऐकू आलं.

१३ जुलै

सहा विरुद्ध पाच. गतिरोधक आमच्याच गल्लीत राहिले. ताईने मला जवळ घेतलं. म्हणाली, "तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस."

चिठ्ठीवर नाव लिहायचं नसतं. सहावी माझी होती.