पोपीचा धबधबा

१२ फेब्रुवारी २०१८

नळाला यंत्र बसवून गेले मेले! आता रोजचं ठरलेलं पाणी संपलं की नळ गप्प — थेट दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. मी दारात उभी आणि अख्खी गल्ली पडद्याआडून बघतेय. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, "दुष्काळ आहे, बागेला नळाचं पाणी घालायला बंदी आहे, बाई. फोटो आलाय आमच्याकडे." फोटोत मी, हातात रबरी नळी, समोर कुंपणालगतचं बेझिलचं लिंबाचं झाड.

तो फोटो एकाच खिडकीतून निघू शकतो. आयव्हर आरेंडसेच्या! तीस वर्षांचा शेजार, भिंतीला भिंत लागून. बेझिल गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला हाच पुढे होता. आणि आता चोरून फोटो काढतो! ते झाड बेझिलने आमचा कीथ जन्मला त्या वर्षी लावलंय. नवऱ्याचं माझ्याकडे उरलंय काय — एक घड्याळ आणि ते झाड. ते वाळलं ना, तर आयव्हरला मी सुखाने जगू देणार नाही.

१३ फेब्रुवारी

आयव्हर समोरून आला. "मॉर्निंग, मर्ल." तोंड वर करून! मी कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपटलं.

१५ फेब्रुवारी

बोटीवरून कीथचा फोन. "आई, पोपी कात टाकायला आली असेल. तिला डुंबायला मोठं भांडं ठेव." आईला प्यायला पाणी नाही, आणि सापिणीला डुंबायला पाहिजे! पोपी म्हणजे त्याची नारिंगी बया. विष नाही, आवाज नाही, बोटीवर नोकरी लागली तेव्हा 'थोडे दिवस सांभाळ' म्हणून माझ्या गळ्यात मारली. तेव्हापासून मी तिच्यासाठी गोठवलेले उंदीर गरम पाण्यात सोडतेय. सवय झाली. आता खरं सांगायचं तर घरात तेवढीच एक आहे जी माझ्याशी वाद घालत नाही.

तिची काचेची पेटी मागच्या खोलीत, सामाईक भिंतीला टेकून. पलीकडे आयव्हरची मोरी. तो खाकरला तरी मला ऐकू येतं.

म्हणजे मी काही केलं तर त्यालाही येणार.

१६ फेब्रुवारी

सुचलं! मी त्याला पाणी ऐकवणार. अख्खं केपटाउन टबात उभं राहून अंघोळ करतंय, तेच पाणी संडासात ओततंय — आणि याच्या कानात दिवसभर वाहतं पाणी! कुठून येतंय ते सापडणार नाही. पेटीत छोटासा धबधबा, पंपाने तेच ते पाणी गोल गोल फिरवायचं. घागरभरसुद्धा लागणार नाही. कायदा मोडत नाही, कुणाचं घोडं मारत नाही. करा तक्रार!

१९ फेब्रुवारी

प्राण्यांच्या दुकानात गेले. रिदवानने माशांच्या टाकीचा छोटा पंप दिला, नळी दिली. "तळं उथळ ठेव आंटी, आणि बाकीची पेटी कोरडी. ओल राहिली तर पोटाला फोड येतात तिच्या." मी विचारलं, आवाज किती होईल? म्हणाला, "अजिबात नाही." मी म्हटलं, मला मोठा हवाय! पोरगा हसायलाच लागला. "आंटी, सापाला कान नसतात. आवाज कुणासाठी?"

म्हटलं, आहे एक जण.

२२ फेब्रुवारी

समुद्रावरून चपटे दगड आणले, उकळले, आइस्क्रीमच्या डब्याभोवती रचून चिकटवले. घरभर त्या गोंदाचा व्हिनेगरसारखा वास. वास गेल्याशिवाय पोपीला आत सोडायचं नाही, तोवर ती उशीच्या अभ्र्यात. हाताची दोन नखं गेली. बेझिल असता तर म्हणाला असता, "मर्ल, रागाच्या भरात चांगली कामं होतात तुझी."

२४ फेब्रुवारी

पाणी सोडलं. कसला धबधबा — नाक गळल्यासारखं! दगड हलवले, वर केले, तरी नाही. मग माशाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, कडा ठोकून आत वळवल्या, आणि तो दगडांखाली असा बसवला की धार थेट त्यावर पडेल. वा! वा! फुटक्या नळासारखा आवाज — ठण्ठण् खळखळ, ठण्ठण् खळखळ! भिंतीला कान लावून बसले. पलीकडे आयव्हरचा झाडू थांबला.

२५ फेब्रुवारी

पोपीला धबधबा भारी आवडलाय. डोकं तेवढं बाहेर, बाकी सगळी पाण्यात.

२७ फेब्रुवारी

आला कुंपणाशी! "मर्ल, तुझ्याकडे पाणी वाहतंय का कुठे?"

"माझ्याकडे? माझ्या नळाला कुणीतरी यंत्र बसवून घेतलंय ना!"

खाली बघितलं त्याने. "मग माझ्याच बाजूला गळतंय. पण मीटर तर हलत नाही."

"मीटरचं काय सांगावं," मी म्हटलं. "फिरेल एकदम, आणि बिल येईल घरावर." काय तोंड उतरलं त्याचं! घरात येऊन खुर्चीत बसून हसले. किती दिवसांनी हसले.

३ मार्च

झाड टवटवीत! माझं एक थेंब पाणी नाही, तरी एक पान गळलं नाही. सकाळी बुंध्याशी माती ओलसर असते. समुद्राकडून धुकं येतं, त्याचंच असणार. मातीला लाल साबणाचा वास येतो असं वाटलं. नाकही म्हातारं झालं माझं. बेझिलचं झाड आहे — हट्टी! आयव्हर, बघ, तू मारायला निघालास ते जगतंय.

७ मार्च

पोपीने कात टाकली. डोळ्यांच्या खवल्यांसकट एकसंध! कीथला फोटो पाठवला. "आई, तू तर कलाकार निघालीस." त्याला कारण सांगितलं नाही.

११ मार्च

आयव्हर भिंतीला पेला लावून ऐकतो. मला त्याचा पेला टेकलेला कळतो. प्लंबर येऊन गेला, "काही नाही" म्हणाला. तो गेला, मी पंप चालू केला. आयव्हर ओरडला — "आहे! आहे!" — रिकाम्या घरात, एकटाच.

क्षणभर वाईट वाटलं. मग ते यंत्र आठवलं. चालूच ठेवला.

१३ मार्च

त्याने घराचा मुख्य नळच बंद केला! सांगत होता समोरच्यांना. प्यायचं पाणी न्यूलँड्सच्या झऱ्यावरून आणतो, कॅन घेऊन रांगेत उभा राहून. दाढी वाढलीये. अंगाला वास. तोच, जो शर्टाला इस्त्री केल्याशिवाय कचरा टाकायला जायचा नाही! आणि मुख्य नळ बंद, तरी पाणी वाहतंय — हे कोडं सोडव आता. छान. छान.

१९ मार्च

लिंबाची पानं पिवळी पडायला लागलीत. एकदम. काय झालं?

२१ मार्च

माती दगड झालीये. माझ्या भांडी धुतलेल्या पाण्यातलं अर्धं घातलं, पुरत नाही. पानं गळतायत. हे सगळं आयव्हरमुळे! फोटो पाठवला तेव्हा हेच हवं होतं ना त्याला? पंपाचा जोर वाढवला.

२४ मार्च

पलीकडे हातोडे. मोरीच्या फरश्या उखडतोय! त्या दोघांनी मिळून बसवल्या होत्या, तो आणि बेझिल. घाव पडला की माझी भिंत हलते, पोपी दगडांच्या कपारीत शिरते. मला आनंद व्हायला हवा. होतोयच. लिहिलं की होतो.

२८ मार्च

दुपारी भिंतीतून छिन्नीचं टोक आलं, मग वीट, मग प्लंबरचा डोळा. "अरे देवा! भिंतीत साप!" धाडकन काहीतरी पडलं. पोपी जागची हलली नाही. मग भोकात आयव्हरचा चेहरा — सिमेंटने पांढरा. पेटी बघितली. दगड, डबा, धार. खूप वेळ.

"एवढंच पाणी?" म्हणाला.

"फोटो तूच पाठवलास ना?"

"हो. मी." डोळे पुसले, सिमेंट होतं की काय कोण जाणे. "बागेतल्या माझ्या डेलिया मी मरू दिल्या, मर्ल. ऊनाच्या हातच्या होत्या. आणि तू रोज नळी धरून... राग आला. यंत्र बसवतील हे माहीत नव्हतं."

ऊना म्हणजे त्याची बायको, बेझिलच्या आधी गेली. मी म्हटलं, "माझंही झाड मेलंच आता. झालास मोकळा!" आणि भोकाला उशी लावली. जिंकले! कबूल करवलं त्याच्याकडून. चहा केला, प्यायचा राहिला.

३० मार्च, गुड फ्रायडे

मासे मुरवले. दरवर्षी त्यात लिंबाचं पान टाकते, यंदा तोडायला हिरवं एकही नव्हतं. वाडगा घेऊन कुंपणाशी गेले. का गेले, माहीत नाही. आयव्हर झाडापाशीच उभा होता, पायाशी काळी बादली. लाल साबणाचा वास यायचा त्याला नेहमी — आज नव्हता. "रोज पहाटे माझ्या अंघोळीचं पाणी घालायचो, तू उठायच्या आत," तो म्हणाला. "सांगायची लाज वाटली. नळ बंद केला तेव्हापासून घालायला काही राहिलंच नाही." मी आत आले, पंप काढला, पोपीच्या तळ्यातलं सगळं पाणी नेऊन बुंध्याशी ओतलं. त्याच्या बादलीचा तळही भिजला नसता तेवढ्याने.