हुजूरांच्या दिवाणखान्यातलं अकॉर्डियन

शनिवार, १८ जून

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातला आहे, तो पोचला असं समज. तुझं पत्र मिळालं. खुशाली दोन ओळी आणि बोलणी दोन पानं, हे प्रमाण बघून तुझी तब्येत ठणठणीत असल्याची खात्री पटली. भावजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, चष्मा डोक्यावर चढवून घरभर शोधू नका. काड्या सैल होतात आणि मग दोष चष्मेवाल्याला.

फोन का उचलत नाहीस, असं तू तीनदा विचारलं आहेस. अगं, फोन बिघडला आहे. म्हणजे मधूनमधून चालतो. दुरुस्तीला टाकायला सवड होत नाही.

दुकान बरं चाललं आहे. एक नवी पद्धत सुरू केली आहे. डोळे तपासताना गिऱ्हाइकाला फळ्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचायला सांगत नाही, कागदावर लिहायला लावतो. लोकांना वाटतं काहीतरी आधुनिक आहे. एका आजोबांनी तर खाली सहीसुद्धा ठोकून दिली.

आमच्या रविवारच्या बैठकीबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नाही. एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना आम्ही हुजूर म्हणतो. त्यांच्या दिवाणखान्यात ते, दातांचे डॉक्टर, एक वकीलबाई आणि मी असे जमतो. दर रविवारी एकाची पाळी. त्यानं एक रेकॉर्ड आणायची, कव्हर न दाखवता लावायची. संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग प्रत्येकानं निकाल द्यायचा, हुजूरांनी सगळ्यांत शेवटी. हुजूर ‘उथळ’ म्हणाले की त्या रेकॉर्डनं पुन्हा त्या घराची पायरी चढायची नाही. ‘गोड’ ही तिथली शिवी आहे. इतकी वर्षं मी वकीलबाई काय म्हणतात ते ऐकून त्यात जराशी भर घालत आलो. माझ्या पाळीला दुकानदाराला विचारून त्यातल्या त्यात लांब आणि रडकी रेकॉर्ड न्यायचो. हसू नकोस. या माणसांवर माझा जीव आहे. मी काविळीनं पडलो होतो तेव्हा दातांचे डॉक्टर रोज स्वतः डबा घेऊन यायचे, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहायचे.

पण मला खरं काय आवडतं, ते तुला एकटीला ठाऊक आहे. बाबा स्केटिंगच्या हॉलमध्ये तिकीट खिडकीत बसायचे आणि आपण दोघं त्यांच्या पायाशी, बुटांच्या खोक्यांवर. आत मिशीवाले अकॉर्डियन वाजवायचे. लोक धडाधड पडायचे, उठायचे, पुन्हा पडायचे, पण मिशीवाल्यांचा हात काही थांबायचा नाही. त्याहून आनंदाचं संगीत मला आजवर भेटलेलं नाही. घरी मी तसल्याच रेकॉर्डी लावतो. खिडक्या बंद करून, लोक चोरून दारू पितात तसं.

मार्चमध्ये माझ्या पाळीला मी त्यातली एक नेली. का नेली ते पुढे सांगतो. ती सुरू होते न होते तोच डॉक्टरांचे खांदे हलायला लागले. वकीलबाईंनी तोंडावर रुमाल धरला. आणि हुजूर, नियम करणारे हुजूर, स्वतःच खो खो हसत सुटले. संपल्यावर टाळ्या पडल्या.

“काय फिरकी घेतलीस लेका!” हुजूर डोळे पुसत म्हणाले. “आम्ही अशी सुतकी तोंडं करून बसतो ना, त्याची बरी जिरवलीस!”

त्यांना वाटलं मी थट्टा केली. असलं काही एखाद्याला मनापासून आवडू शकतं, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. ताई, मीही हसलो. “जमली ना?” म्हणालो. तेव्हापासून पायंडाच पडला. बैठक संपत आली की कुणीतरी म्हणायचं, “चष्मेवाले, काढा तुमचा सर्कशीचा माल!” मी काढायचो. एकदा डॉक्टर खुर्चीभोवती नाचले. त्यांच्या मनात वाकडं काहीच नव्हतं. असतं तर भांडून मोकळा झालो असतो.

फोन बिघडलेला नाही. फेब्रुवारीत कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दोन्ही कान जाणार. वरचे सूर आधी, मग माणसांचे आवाज, मग सगळंच. मशीन लावून उपयोग नाही म्हणाल्या, आतली नसच वाळत चालली आहे. “जे ऐकायचं असेल ते आता ऐकून घ्या.” म्हणून वाटलं, एकदा तरी ते आपल्या माणसांबरोबर ऐकावं. कुणीतरी शेजारी बसून पाय हलवावा आणि “पुन्हा लाव” म्हणावं. एवढंच हवं होतं गं. तुझ्याकडे आलो असतो, पण तू रडली असतीस, आणि रडणाऱ्या माणसाशेजारी ते ऐकता येत नाही.

गेल्या रविवारी बैठकीत त्यांना सगळं सांगून टाकलं. थट्टा नव्हती हेही सांगितलं. मग हुजूर स्वतःच उठले, माझ्या पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि लावली.

या वेळी कुणी हसलं नाही. दवाखान्यात कुणाला बघायला गेल्यावर बसतात तसे सगळे बसले. वकीलबाईंनी माझा हात धरला. मला फक्त वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताचं धुम-चक-चक ऐकू येत होतं, तेही भिंतीपलीकडून आल्यासारखं. वरची धून मी आठवणीनं भरत होतो. डोळे मिटले, पायानं ताल धरला. खरं सांगतो, मला वाटलं की जमलं. आज ही माणसं ऐकताहेत, माझ्याबरोबर.

डोळे उघडले तेव्हा हुजूर प्लेअरजवळ उभे होते. रेकॉर्ड त्यांच्या हातात, कव्हरमध्ये घातलेली. धून कधीच संपून गेली होती. मी ताल देतच होतो आणि तिघंही माझ्या पायाकडे बघत होते. याला थांबवायचं कसं, ते कुणालाच सुचत नव्हतं.

मग निकाल. वकीलबाई काहीतरी बोलल्या, डॉक्टर बोलले. हुजूरांचे ओठ मी वाचले. “छान आहे,” म्हणाले. हुजूरांनी आयुष्यात कशालाही नुसतं छान म्हटलेलं नाही.

उद्या पुन्हा तीच लावू, असा वकीलबाईंचा निरोप आला आहे. मी जाणार नाही. ते हसायचे तेव्हा निदान ती धून त्यांच्या कानावर तरी पडत होती. आता त्यांना फक्त मी दिसतो.

सगळ्या रेकॉर्डी खोक्यात भरून तुझ्या पत्त्यावर पाठवतो आहे. निळ्या कव्हरची आधी लाव. भावजी नाक मुरडतील, मुरडू देत. कशी वाटली ते मात्र मला लिहू नकोस.

बाकी उत्तर सावकाश दे. मला आता कशाचीच घाई नाही.

तुझा,
ढब्बू