सात अक्षरांचं विशेषण आणि पेलाभर पाणी

प्रिय सासूबाई,

उद्या हॅम्बर्गच्या पोलिश चर्चमध्ये तुमची वर्षप्रार्थना आहे. एवाने तिथे वाचायला चार ओळी लिहिल्यात. "आईची वाचा शेवटपर्यंत जपली ती माझ्या नवऱ्याने." कशा वाटतात बघ, म्हणून कागद माझ्याच हातात दिलाय! म्हणून तुम्हाला लिहितोय. दुसऱ्या कोणाला लिहू?

पोलिश रिवाजाप्रमाणे तुम्हाला 'मामा', म्हणजे आई, म्हणायचं मी बारा वर्षं टाळलं. आमच्याकडे मामाला मिशा असतात, म्हटलं तर तुम्ही आरशात निरखून म्हणालात, "मलाही आहेत. म्हण!"

तुमच्या घरचा नियम काय छळवादी होता हो! पिएरोगींचा, त्या तुमच्या उकडलेल्या करंज्यांचा, वाडगा तुमच्या हातात, आणि वाफाळत्या वाडग्याआड एखादं लांबलचक पोलिश विशेषण. टेबलावर बोटाने ठोकत अक्षर अक्षर सुटं करायचं, मग खायचं. 'यास्नोन्येब्येस्कोओकी'. फिकट, निळा आणि डोळा, तिन्ही एकत्र शिवलेले: फिकट निळ्या डोळ्यांचा.

"अहो, हा तर सरळ बहुव्रीही!"

"नाव नको सांगूस. ठोक."

या, स्नो, न्ये, ब्ये, स्को, ओ, की. मी शेवटचे दोन 'ओ' एकात कोंबले. वाडगा मागे गेला.

"संस्कृतात दोन स्वरांना असं शेजारी बसूच देत नाहीत," मी कुरकुरलो.

"म्हणून तर मेली ती! आल्झो, नोखमाल!" तुमचं ते जर्मन: चल, पुन्हा एकदा.

एका नाताळला पाहुण्यांदेखत माझी ताटली कोरडी ठेवलीत. सगळे हसले. मीही हसलो. पण ते गिळलं गेलं नाही, सासूबाई.

मग तुम्हाला पक्षाघात झाला. वाचा शिकवणारी बाई म्हणाली, दोन अक्षरांचे सोपे शब्द घ्या, बोटाने ठोकून घ्या, थकल्या की थांबा. एवा कामावर जायची, दुपारी मी असायचो. पहिला आठवडा मी शहाण्यासारखा वागलो.

त्या मंगळवारी तुम्ही पेल्याकडे हात केलात. पाणी हवं होतं, एवढंच. मी पेला उचलला आणि म्हणालो, "यास्नोन्येब्येस्कोओकी. ठोका."

तुम्हाला वाटलं, मी थट्टा करतोय. अर्धं तोंड हसलंसुद्धा. या. स्नो. न्ये. पुढे जीभ अडली. मी पेला मागे घेतला. "नोखमाल!" अगदी तुमच्या सुरात. तीनदा, सासूबाई. थट्टा पहिल्या वेळेलाच संपली होती, हे आपल्या दोघांनाही कळत होतं.

चौथ्यांदा तुम्ही हात टेबलावरून उचलून मांडीत ठेवलात आणि ओठ मिटलेत. मग मी पाणी पुढे केलं. तुम्ही प्यायला नाहीत. त्यानंतर एकोणीस दिवस, अगदी जाईपर्यंत, एक अक्षर नाही. एवाशीही नाही! तिने काय केलं होतं? माझी शिक्षा तिला कशाला दिलीत?

डॉक्टर म्हणाले, आजार वाढला. मी होकाराची मान हलवली. वर्षभर हलवतोय.

क्षमा मागत नाही. तुम्ही दिली नसतीत, आणि मला तुमच्याबद्दल आदर आहे तो त्यामुळेच. पण उद्या चर्चला निघायच्या आधी, कोट चढवायच्याही आधी, एवाला खुर्चीवर बसवून ही दुपार सांगेन. ती विचारेल, "आईने पाणी मागितलं होतं?" मी 'हो' म्हणेन, आणि त्यापुढे काहीही जोडणार नाही.

तुमचा जावई,
श्रीधर