वहिनींचा पुसलेला ठिपका

कोल्हापूर. कार्तिक शुद्ध त्रयोदशी, संध्याकाळ

वहिनींचा ठिपका मी पुसला. हे आधी लिहून टाकतो.

थायरॉइड ग्रंथी आतल्या आत किती हार्मोन बनवते, ते गणितानं मांडायचा माझा उद्योग. त्यासाठी वहिनी दर महिन्याला मुकाट रक्त देतात. आलेखावर सगळे ठिपके रेषेवर बसले, दसऱ्यानंतरचा तेवढा फार खाली. लॅबची चूक असणार, म्हणून पुसून टाकला. वहिनींना सांगितलं, तुमचं रक्त एकदम ठीक आहे. खरंच चूक वाटली होती, की रेष बिघडायला नको होती?

आज नवा ठिपका आला, त्याहून खाली. घरी येतो तर वहिनी जिन्यात दम खात बसलेल्या. चेहरा सुजलेला.

"वहिनी, थायरॉइडची गोळी घेताय ना?"

"न्हाय की भावजी. नवरात्रात उपासाला चालत न्हाय म्हणून बंद केली. मग तुम्हीच म्हणालासा, रक्त ठीक हाय. मग कशाला घ्यायची?" वर हसल्या. "का? तुमच्या गणितात नापास झाले व्हय मी?"

मला हसू आलं नाही.

डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळपासून गोळी परत सुरू. पुसलेला ठिपका परत जागेवर ठेवला. रेष मोडली, मोडू दे.

नवरात्र मीही धरलं होतं. रक्तदाबाची गोळी मात्र नऊही दिवस घेतली. औषधानं उपास मोडत नाही, हे मला ठाऊक होतं. एकाच देव्हाऱ्यापुढं बसत होतो आम्ही. अंबाबाई, एवढं त्यांना सांगावं, असं मला एकदाही सुचलं नाही.